एवढीशी भुजा : मोठ्या मॉडेल विमानातील एका दुर्लक्षित सांध्याची निवड आणि परीक्षा

पंधरा किलो वजनाचे मॉडेल विमान ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्यात साधारण ५,८०० ज्यूल इतकी ऊर्जा असते. आकडा कोरडा वाटेल. पण तेच विमान तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली सोडले, तर जमिनीवर जो दणका बसेल तो जवळपास एवढ्याच ऊर्जेचा असेल. असे विमान आकाशात कोणत्या दिशेला जाईल हे ठरवणाऱ्या साखळीत एक तुकडा असतो. तो तीन-चार सेंटिमीटर लांब आणि काही ग्रॅम वजनाचा असतो. छंदी मंडळी त्याला ‘सर्वो आर्म’ किंवा ‘सर्वो हॉर्न’ म्हणतात. आपण त्याला भुजा म्हणू. विमान घेताना इंजिन किती सीसीचे, पंख किती लांब, रेडिओ कोणत्या कंपनीचा, याची चौकशी सगळे करतात. भुजा बहुतेक वेळा सर्वोच्या खोक्यात फुकट आलेली असते आणि तीच लावून टाकली जाते.

हा विषय चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याची कारणे दोन. पहिले असे की, विमानाचे छंद आता महानगरापुरते राहिलेले नाहीत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेच्या शिक्षणात एरोमॉडेलिंगचा समावेश आहे आणि तिचे एक एअर स्क्वाड्रन नागपुरात आहे. अभियांत्रिकीची मुले स्पर्धांसाठी विमाने बांधतात. मानवविरहित विमान हा शब्द तर आता शेतकऱ्याच्या तोंडीही ‘ड्रोन’ म्हणून रुळला आहे. दुसरे कारण हवामानाचे. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे आणि पुढच्या दोन महिन्यांत गडचिरोलीच्या जंगलात कपडे वाळेनासे होतात. जपान-अमेरिकेतल्या पुस्तकांनी चांगली ठरवलेली भुजा इथल्या उन्हात आणि ओलाव्यात तशीच वागेल असे गृहीत धरता येत नाही. ते इथेच तपासावे लागते.

सेवक आणि त्याची मर्यादा

‘सर्वो’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘सर्वुस’ म्हणजे दास या शब्दात आहे. जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात जहाजाचे सुकाणू वाफेच्या बळाने फिरवणारी यंत्रणा बनवली आणि १८७३ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. ‘सर्वो-मोटर’ हे नाव तिथून रूढ झाले. सुकाणूवाल्याने चाक जेवढे वळवले तेवढेच यंत्राने वळायचे, कमीही नाही आणि जास्तही नाही, ही त्यातली कल्पना. म्हणजे हा सेवक नुसता बळकट असून भागत नव्हते. तो आज्ञेच्या मापात राहणारा हवा होता.

विमानांच्या छंदात ही कल्पना पूर्णपणे उतरायला वेळ लागला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कलामाझू येथे वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचे रेडिओ-नियंत्रित मॉडेल उडवले. आजच्या मोजमापानेही ते मोठेच विमान होते. पंखांची लांबी आठ फूट. पण त्या काळच्या रबराच्या पिळावर चालणाऱ्या यंत्रणेत सुकाणू पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे किंवा मध्ये, एवढेच करता येई. ‘थोडेसे डावीकडे’ ही आज्ञाच नव्हती. बोट जेवढे हलेल तेवढेच पाते हलावे, ही सोय पुढच्या दोन-अडीच दशकांत हळूहळू आली.

आजचा सर्वो म्हणजे काड्यापेटीएवढी किंवा तिच्यापेक्षा थोडी मोठी डबी. तिच्यात मोटर, दातेरी चाके, एक इलेक्ट्रॉनिक मंडल आणि आपला दांडा किती अंशांवर आहे हे सांगणारा एक संवेदक असतो. रेडिओकडून आज्ञा येते, संवेदक सध्याची स्थिती सांगतो, दोन्हींत फरक असेल तर मोटर फिरते आणि फरक शून्य झाला की थांबते. वाऱ्याने पाते ढकलले तर सर्वो पुन्हा जागेवर येण्यासाठी जोर लावतो. हे सगळे सेकंदाला पन्नास वेळा, डिजिटल सर्वोत त्याहूनही अधिक वेळा घडते.

आता मुख्य मुद्दा. सर्वोला फक्त स्वतःच्या दांड्याची स्थिती कळते. त्या दांड्यावर बसवलेली भुजा, भुजेच्या भोकात अडकवलेली दांडी, दांडीच्या दुसऱ्या टोकाचा हॉर्न आणि शेवटी पाते, यांपैकी कशाचीही खबर त्याच्यापर्यंत परत येत नाही. त्याला खांदा जाणवतो, हात जाणवत नाही. भुजा दात्यांवरून घसरली, वाकली किंवा तिचे भोक झिजून लांबट झाले, तरी सर्वोच्या हिशेबी सगळे ठीकच असते. यंत्राची स्वतःवरची देखरेख जिथे संपते तिथून भुजा सुरू होते. म्हणून तिच्यावरची देखरेख माणसानेच करायची असते, आणि तीही जमिनीवर असतानाच.

हातपंपाच्या दांड्याकडून

भुजेचे गणित समजायला प्रयोगशाळा नको, गावातला हातपंप पुरे. विदर्भातल्या खेड्यात त्याला बोरिंगच म्हणतात. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या ‘इंडिया मार्क टू’ पंपाचा दांडा सुमारे आठास एक या प्रमाणात बांधलेला आहे. हाताकडची बाजू आठ पट लांब, म्हणून हाताने एक किलो जोर लावला की आत आठ किलोची ओढ बसते. मात्र हात आठ इंच खाली आला की आतली सळई एकच इंच वर येते. बळ वाढले तर अंतर घटते. तरफेचा हा व्यवहार कोणालाही चुकत नाही.

या पंपाच्या इतिहासात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या अंगणासाठी होते. साऱ्या गावाने वापरायला सुरुवात केली की ते सांध्यांत झिजून मोडत. जालना आणि सोलापूर येथे त्यांत सुधारणा झाल्या. सोलापूरच्या पंपात दांड्याला एकच सांधा, त्यात बंद बॉल-बेअरिंग आणि सळईला ओढणारी साखळी, अशी रचना आली. साखळी एका वर्तुळखंडावरून सरळ खाली उतरत असल्याने सळई तिरपी ओढली जात नसे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या मार्क टू पंपाने हीच तत्त्वे घेतली. दांडा जाड केल्याने पंप टिकला नाही. सांधे कमी केले, ते घट्ट केले आणि ओढ सरळ ठेवली, म्हणून तो टिकला. भुजा निवडताना हेच तीन नियम जसेच्या तसे लागू पडतात.

फरक एवढाच की, सर्वोत गणित उलटे चालते. पंपात आपण लांब बाजूला जोर लावतो; सर्वोत जोर मध्याशी निर्माण होतो आणि भुजेच्या टोकाला तो कमी होत जातो. सर्वोवर ‘२० किलो-सेंटिमीटर’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ असा: मध्यापासून एक सेंटिमीटरवर तो २० किलो ओढील, दोन सेंटिमीटरवर १० किलो आणि चार सेंटिमीटरवर फक्त ५ किलो. भुजा लांब म्हणजे सर्वो दमदार, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात लांब भुजा पाते जास्त फिरवते, पण कमी जोराने.

लांबी किती असावी

समजा, एका एलेरॉनला, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पात्याला, अपेक्षित वेगात धरून ठेवायला बिजागरीशी १५ किलो-सेंटिमीटर जोर लागतो. पात्यावरचा हॉर्न ३ सेंटिमीटर उंच आहे. मग दांडीत ५ किलोची ओढ येते. भुजाही ३ सेंटिमीटर ठेवली तर सर्वोला १५ किलो-सेंटिमीटर जोर लावावा लागेल. भुजा दीड सेंटिमीटर केली तर साडेसातच लागेल, पण पाते जवळपास निम्मेच फिरेल.

इथे एक चूक वारंवार होते. सर्वो मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना साधारण ६० अंशांपर्यंत फिरू शकतो. लांब भुजा लावली आणि पाते फार फिरू लागले, की रेडिओवर त्याचा प्रवास टक्केवारीने कमी करणे सोपे असते. पण असे केल्याने सर्वोची निम्मी हालचाल वाया जाते आणि कमी जोराचे नुकसान मात्र कायम राहते. योग्य रीत उलटी आहे: हवा तेवढाच कोन मिळेल इतकी आखूड भुजा घ्यावी आणि सर्वोला त्याचा पूर्ण प्रवास करू द्यावा.

याचा दुसरा फायदा ढिलेपणाशी आहे. मेकॅनिक ज्याला ‘प्ले’ म्हणतात तो दातेरी चाकांत थोडा तरी असतोच. सर्वोत अर्ध्या अंशाचा प्ले आहे असे धरू. भुजा आणि हॉर्न सारख्या लांबीचे असतील तर पात्यालाही अर्धा अंश प्ले मिळेल. १० सेंटिमीटर रुंद पात्याच्या मागच्या कडेला तो जवळजवळ ०.९ मिलिमीटर दिसेल. भुजा हॉर्नच्या निम्मी असेल तर तोच प्ले निम्म्यावर येईल. मोठ्या कसरतीच्या विमानांना मात्र ४०-४५ अंश पाते फिरवायचे असते, तिथे लांब भुजेला पर्याय नसतो. म्हणून अशा विमानांत सर्वो दुप्पट-तिप्पट जोराचे, चाके धातूची आणि भुजा सर्वांत ताठ लागते. पात्यावर येणारे वाऱ्याचे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हेही ध्यानात ठेवायला हवे. ताशी ६० किलोमीटरला आरामात चालणारी जोडणी १२० ला चौपट ताण सोसत असते.

दाते

भुजा सर्वोच्या दांड्यावर बारीक दात्यांनी बसते. फुताबाच्या सर्वोला २५, हायटेकच्या पुष्कळशा सर्वोंना २४ आणि जेआरच्या सर्वोला २३ दाते असतात. हे दांडे डोळ्यांना सारखेच दिसतात. २४ दात्यांची भुजा २५ दात्यांच्या दांड्यावर दाबून बसवली तर ती कधीकधी बसतेही, आणि टेबलावर चालतेही. पण तेव्हा मोजकेच दाते खरे अडकलेले असतात. बाकीचे चेचले गेलेले असतात. अशी भुजा उडताना कधी घसरेल ते सांगता येत नाही. स्क्रू न लावता भुजा बोटांच्या दाबाने सरळ खाली बसली पाहिजे आणि बसल्यावर वळवून पाहिली तर तिळमात्र हलता कामा नये. ठोकून बसवावी लागली तर ती त्या सर्वोची नव्हे.

दात्यांचे एक सोपे गणित उपयोगी पडते. मधल्या स्थितीत भुजा दांडीला काटकोनात असावी, नाहीतर पाते एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी फिरते. पण २५ दात्यांत एक दाता सरकवला की भुजा १४.४ अंश फिरते. नेमका काटकोन क्वचितच मिळतो. चार हातांची फुलीसारखी भुजा असेल तर ९० अंशांत सव्वासहा दाते येतात. म्हणजे प्रत्येक हात दात्यांच्या हिशेबाने पाव दात्याने, ३.६ अंशांनी वेगळा बसतो. चारही हात आळीपाळीने लावून पाहिले की एखादा काटकोनाच्या अगदी जवळ येतो. उरलेले तीन कापून टाकायचे. २४ दात्यांच्या सर्वोत ही युक्ती चालत नाही, कारण ९० अंशांत बरोबर सहा दाते बसतात आणि चारही हात सारखेच येतात. उरलेला फरक रेडिओवर मिटवावा लागतो.

मोठ्या विमानाच्या रडरला कधीकधी दोन किंवा तीन सर्वो एकत्र जोडतात. तिथे काटकोनाची ही चौकशी जास्तच कडक करावी लागते. दोन भुजांत दोन अंशांचा फरक राहिला तर दोन्ही सर्वो एकमेकांविरुद्ध ढकलत बसतात; पाते स्थिर दिसते, पण बॅटरी संपत असते आणि सर्वो तापत असतात. पाते मध्यावर असताना प्रत्येक सर्वो किती विद्युतप्रवाह घेतो हे मोजले की हे छुपे भांडण लगेच उघडे पडते.

नायलॉन, उन्हाळा आणि पावसाळा

खोक्यात आलेली भुजा बहुधा नायलॉनची किंवा तत्सम प्लॅस्टिकची असते. लहान विमानाला ती पुरते. काही बाबतींत बरीही असते, कारण विमान आपटले तर ती स्वतः मोडून सर्वोची चाके वाचवते. मोठ्या विमानात मात्र नायलॉनचे दोन स्वभाव आडवे येतात.

पहिला उष्णतेचा. कोरडे नायलॉन साधारण ५० ते ८० अंशांच्या दरम्यान ताठपणा सोडून मऊपणाकडे झुकते. चंद्रपुरात मे महिन्यातल्या दुपारी बंद मोटारीच्या डिकीत किंवा गडद रंगाच्या विमानाच्या अंगावर हे तापमान गाठायला वेळ लागत नाही. दुसरा स्वभाव ओलाव्याचा. नायलॉन हवेतले पाणी शोषते आणि शोषल्यावर हा मऊपणा पुष्कळ कमी तापमानालाच सुरू होतो. त्यामुळे जानेवारीत वाकत नव्हती ती भुजा ऑगस्टमध्ये वाकू शकते, आणि तिच्यावर ओरखडासुद्धा नसतो. काचतंतू मिसळलेले नायलॉन हे सगळे कमी प्रमाणात करते. ॲसिटाल नावाचे प्लॅस्टिक पाणी फारच थोडे शोषते, म्हणून दमट भागात ते बरे.

मोठ्या विमानासाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची भुजा घेण्याची रीत यातूनच आली. इथल्या उन्हाचा तिच्यावर परिणाम नाही. पण धातू म्हटले की काम झाले असे नाही. भुजेच्या मध्यभागाला फट ठेवून आडव्या स्क्रूने आवळता येणारी रचना सर्वांत चांगली, कारण तिच्यात दाते सगळीकडून धरले जातात. तो स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला तर फटीच्या तळाशी तडा जातो. धातूच्या स्क्रूला थेंबभर थ्रेडलॉक लावावे, प्लॅस्टिकजवळ मात्र लावू नये. धातूची भुजा प्लॅस्टिकच्या दातेरी दांड्यावर कधीही बसवू नये. कठीण मऊला खाते आणि झिजतो तो सर्वो. लाल-निळा झगमगीत रंग हा नुसता मुलामा असतो, खाली कोणता मिश्रधातू आहे ते त्यावरून कळत नाही.

भुजा कितीही चांगली असली तरी सर्वो ज्या लाकडावर बसला आहे ते हलत असेल तर उपयोग शून्य. मॉडेल विमानाचे बाल्सा लाकूड हलके असते, पण त्यात स्क्रू टिकत नाही. बाल्सा आपल्याकडची काटेसावर ज्या वनस्पती-कुळात मोडते त्याच कुळातले झाड आहे, एवढे सांगितले की त्याचा मऊपणा इकडच्या वाचकाला कळेल. सर्वोच्या स्क्रूखाली चांगल्या प्लायवूडची किंवा कठीण लाकडाची पट्टी हवीच. आलापल्लीचा सागवान सगळ्या विमानाला जड होईल, पण बोटभर पट्टीला तो उत्तम.

थरथर

ढिलेपणा म्हणजे नुसती अचूकता कमी होणे, असे वाटत असेल तर विमानविद्येचा इतिहास वेगळे सांगतो. १९१६ मध्ये ब्रिटनच्या हँडली पेज कंपनीच्या एका बाँबफेकी विमानाची शेपटी हवेत भयंकर थरथरू लागली. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तपास केला. डाव्या आणि उजव्या एलिव्हेटरमध्ये एकमेकांशी ताठ जोड नव्हता. ती दोन पाती विरुद्ध दिशांना हेलकावत होती आणि शेपटीला पिळत होती. दोन्ही पाती एका ताठ नळीने जोडणे, हा त्यावरचा उपाय ठरला. पाती बदलली नाहीत, इंजिनही बदलले नाही. फक्त जोड ताठ केला.

या थरथरीला ‘फ्लटर’ म्हणतात. पाते वाऱ्याने जरासे हलते, ते हलल्याने वाऱ्याचे बळ बदलते, ते बळ पात्याला पुढच्या हेलकाव्यासाठी आणखी जोर देते. एका ठरावीक वेगापर्यंत जोडाचा ताठपणा हे दाबून टाकतो. तो वेग ओलांडला की सेकंदभरात पाते फाटू शकते. जोड जितका ढिला, तितका हा धोक्याचा वेग खाली येतो. १६ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेत रेनो येथील शर्यतीत ‘गॅलपिंग घोस्ट’ नावाचे पी-५१ विमान प्रेक्षकांत कोसळले. वैमानिक आणि दहा प्रेक्षक, असे अकरा जण मेले. एलिव्हेटरवरच्या छोट्या ट्रिम-पात्याला फ्लटर होऊन त्याचा दुवा तुटला होता. चौकशीत मूळ कारण निघाले ते असे: आतल्या कड्याची पकड गेलेले जुने लॉकनट पुन्हा वापरले होते, त्यामुळे स्क्रू ढिले झाले आणि पात्याचा ताठपणा गेला. विमान ताशी सातशे किलोमीटरच्याही पुढे धावण्यासाठी बांधलेले होते. नट मात्र हातात मावणारे होते.

आजच्या मॉडेलांत आणि ड्रोनमध्ये जायरो व स्वयंचालक बसवतात. विमान कलले की ते पाती हलवून सावरतात. त्यांच्यामुळे सुरक्षितता वाढते, पण सांध्यातला लहानसा ढिलेपणा ते उड्डाणात झाकूनही टाकतात. चालवणाऱ्याला विमान नीट उडताना दिसते आणि आत सर्वो क्षणोक्षणी मागेपुढे करत झिजत असतो.

परीक्षा

परीक्षेसाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा किंवा सामान तोलायचा हुकाचा काटा, एक सर्वो-टेस्टर, ड्रिलच्या काही बारीक पिना आणि खराट्याच्या काड्या, एवढे पुष्कळ.

पहिली परीक्षा ओढीची. सर्वो फळीवर घट्ट बसवावा, विमानात वापरायची तीच बॅटरी जोडावी आणि तो मध्यावर ठेवावा. ‘तीच बॅटरी’ यासाठी की, जोर लावताना सर्वो काही अँपिअर प्रवाह ओढतो, आणि कमकुवत बॅटरीचा दाब तेव्हाच कोसळतो. मग भुजेच्या वापरायच्या भोकात हुक अडकवून काटकोनात ओढावे. अपेक्षित ओढीच्या दुप्पट ओढ द्यावी. वरच्या उदाहरणात दांडीत ५ किलो येत होते, तर १० किलो द्यावे. ३ सेंटिमीटरवर म्हणजे ३० किलो-सेंटिमीटर. २० चा सर्वो इथेच नापास होतो आणि तो टेबलावरच नापास झालेला बरा.

दुसरी परीक्षा वाक कुठे आहे ते शोधण्याची. तीस सेंटिमीटरची एक काडी भुजेच्या टोकाला आणि दुसरी तिच्या मध्यभागावर चिकटवावी. एका अंशाची हालचाल काडीच्या टोकाला पाच मिलिमीटर दिसते. ओढताना दोन्ही काड्या सारख्याच हलल्या तर वाक सर्वोच्या चाकांत किंवा दात्यांत आहे. फक्त टोकाची हलली तर भुजाच लवते आहे. प्लॅस्टिकची भुजा एकदा सकाळी आणि एकदा तासभर उन्हात तापवून लगेच, अशी दोनदा तपासावी. पावसाळ्यात आठ-दहा दिवस उघड्यावर ठेवलेली तिसरी भुजाही तपासावी. हे आकडे वहीत लिहून ठेवले की आपल्या गावच्या हवेचे स्वतःचे कोष्टक तयार होते. ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

तिसरी परीक्षा झिजेची. टेस्टरवर सर्वो काही तास पुढे-मागे चालवावा आणि नंतर भोकात आधी बसणारी पिन आता सैल बसते का ते पाहावे. दांडी भुजेच्या पृष्ठापासून दूर, एका बाजूला लटकलेली असेल तर ती प्रत्येक ओढीत भुजेला पिळते. शक्य तिथे दोन्ही बाजूंनी धरणारी जोडणी घ्यावी.

चौथी परीक्षा मोडेपर्यंतची. एकाच खेपेतल्या चार भुजा घ्याव्यात आणि एक मुद्दाम मोडावी. ती किती किलोला आणि कुठे मोडली यावरून बाकीच्या तिघींचा भरवसा ठरतो. जी भुजा या परीक्षेत ताणली गेली ती पुन्हा विमानात घालू नये. धातूत गेलेला सूक्ष्म तडा दिसत नाही. एक भुजा वाया गेली म्हणून हळहळणाऱ्याने विमानाची किंमत आठवावी, आणि विमानाखाली कोण उभे असेल तेही.

शेवटची परीक्षा प्रत्येक उड्डाणाआधीची. वीज चालू ठेवून प्रत्येक पाते दोन बोटांनी हळूच हलवावे. जाणवलेली हालचाल कुठून येते, चाकांतून, दात्यांतून, भोकातून, हॉर्नमधून की सर्वोच्या बैठकीतून, ते डोळ्यांनी शोधावे. एका पात्याला अर्धे मिनिट लागते.

पर्लकोटेच्या पलीकडे

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी दृष्टीच्या टप्प्यात उडवायचे, २५ किलोपर्यंतचे विमान ‘मॉडेल’ या व्याख्येत येते. या दोन जिल्ह्यांत वनक्षेत्र आणि सुरक्षेचे प्रश्न असल्याने वनविभाग व पोलिस यांच्या परवानगीशिवाय ते उडवण्याचा विचारही करू नये. पण नियम विमानाचे वजन पाहतात, भुजेचे दाते पाहत नाहीत.

छंदातली यंत्रे छंदातच राहत नाहीत, हेही आता दिसले आहे. लियान पिन कोह आणि सर्ज विच या संशोधकांनी २०१२ मध्ये सुमात्राच्या जंगलावर जे पाहणी-विमान उडवले, ते बाजारात मिळणाऱ्या फोमच्या मॉडेल विमानावरच बांधलेले होते. चार पंख्यांच्या ड्रोनला अशी भुजा बहुधा लागत नाही, तो पंख्यांचा वेग बदलून वळतो. पण सगळे वजन पंख्यांनीच उचलायचे असल्याने त्याची बॅटरी लवकर संपते. लांब पल्ला गाठायचा तर स्थिर पंख हवेत, आणि स्थिर पंख आले की पाती, सर्वो आणि भुजा आल्याच.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर चढला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, हे गडचिरोलीने वर्षानुवर्षे पाहिले आहे. पलीकडे सर्पदंशाची लस किंवा रक्ताची पिशवी पोचवायला उद्या स्थिर पंखांचे विमान निघाले, तर ते ऑगस्टच्या ओलाव्यात, जंगलावरून, नजरेआड जाईल. मैदानावरच्या छंदी माणसाला विमान वाकडे जाताना निदान दिसते. तिथे पाहणारेही कोणी नसेल. नदीपलीकडच्या रोग्यापर्यंत पिशवी पोचते की झाडोऱ्यात पडते, हे तेव्हा पंचवीस दात्यांच्या पकडीवर ठरेल. ते विमान बांधणारी मुले आज कदाचित याच भागातल्या एखाद्या महाविद्यालयात सर्वोचे खोके उघडत असतील. खोक्यात फुकट आलेली भुजा त्यांनी आधी काट्याला लावून पाहावी.